उजव्या कडेची ठिणगी

ठिणगी पहिल्यांदा दिसली तेव्हा अनिमेष मुधोळकरला बरंच वाटलं. दोन हजार सातचा मे महिना, भर दुपार. जयपूरच्या आदर्श नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीच्या खिडक्या त्याने जाड चादरी लावून बंद केल्या होत्या, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता, आणि समोरच्या मॉनिटरवर एका पडक्या कारखान्याच्या तळघरातून तो बंदूक सावरत पुढे सरकत होता. खेळण्यात त्याचं लक्ष नव्हतं. हे तळघर त्याने कितीतरी वेळा पालथं घातलं होतं. कुठल्या खांबामागे कोण दबा धरून बसलंय ते त्याला पाठ होतं. तो पाहत होता ते नुसतं चित्र. भिंतीवरची ओल ओली दिसते का, मान झटकन वळवली तर चित्र मागे रेंगाळतं का, धुरातून पलीकडचा माणूस आला की यंत्राला दम लागतो का. आणि तेवढ्यात उजव्या कडेला, अगदी टोकाला, एक पांढरी ठिणगी उडाली आणि विझली. सापडलं, असं तो स्वतःशीच म्हणाला.

नोकरी त्याची शहराच्या झालाना भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. पण दिल्लीहून निघणाऱ्या एका कॉम्प्युटर मासिकात तो ग्राफिक्स कार्डांची, म्हणजे मॉनिटरवरचं चित्र काढणाऱ्या भागांची, परीक्षणं लिहायचा, आणि चार लोकांत त्याला जो काही मान होता तो त्या परीक्षणांमुळे. मासिकाचे संपादक सतीशजी फोनवर म्हणायचे, बाकीचे लोक एसीत बसून कार्ड तपासतात, तू जयपूरच्या उन्हाळ्यात तपासतोस, म्हणून कोटा-बिकानेरची पोरं तुझंच वाचतात. या वेळी आलेलं कार्ड मधल्या दराचं होतं. सगळ्यात भारी कार्ड ज्यांना परवडत नाही आणि सगळ्यात स्वस्तावर ज्यांचं मन मानत नाही, अशांसाठी बनवलेलं. अशा कार्डाचं परीक्षण अवघड असतं. भारी वस्तूचं कौतुक आणि स्वस्त वस्तूची कीव कुणीही करतो. मधलीला तोलावं लागतं. तिने काय दिलं, आणि ते देता यावं म्हणून गुपचूप काय काढून घेतलं. आत्तापर्यंत त्याला त्या कार्डात गुणच जास्त दिसले होते आणि त्यामुळे तो जरा अस्वस्थ होता. पंख्याचा आवाज जवळजवळ नाही. वेगळी वीज ओढत नाही, साध्या कॅबिनेटमध्ये निमूट बसतं. एवढ्या उन्हातही फार तापत नाही. दोष इतकाच की त्याच्या मेमरीची वाट अरुंद होती. चित्राच्या कडा गुळगुळीत करायला सांगितल्या की ते धापा टाकायचं. हे तर अशा सगळ्याच कार्डांचं असतं. आता ही ठिणगी. मेमरी तापली की चित्रावर असे ठिपके उठतात हे त्याने पूर्वी पाहिलं होतं. म्हणजे वरून शांत दिसणारं हे कार्ड आतून तापत होतं, आणि ते पकडणारा तो पहिला होता.

त्याने कॅबिनेटची एक बाजू उघडली आणि टेबलफॅन आत रोखून ठेवला. ठिणगी आली. त्याने कार्डाचा वेग उतरवला. ठिणगी आली. त्या क्षणाचं चित्र त्याने कॉम्प्युटरमध्येच टिपून घेतलं आणि मोठं करून पाहिलं, तर ते स्वच्छ होतं; तळघर, ओल, खांब, कुठेही डाग नाही. मग दोष चित्रात नाही, चित्र मॉनिटरपर्यंत नेणाऱ्या वाटेत आहे, असं म्हणून त्याने केबल बदलली. ठिणगी आली. कपाळावरचा घाम पुसून त्याने ते कार्डच काढलं आणि आपलं जुनं, खात्रीचं कार्ड बसवलं. तेच तळघर, तोच खांब, आणि उजव्या कडेला ठिणगी. दोन वेगळ्या कार्डांना एकच खोड कशी असेल? तर मॉनिटर. उरला फक्त मॉनिटर. या विचाराने त्याला क्षणभर हसूच आलं. त्याने बटण दाबून मॉनिटर बंद केला. काळ्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा अंधुक दिसत होता, जाड भिंगांचा चष्मा, मागे चादर लावलेली खिडकी. आणि उजवीकडे, काचेच्या बाहेर, जिथे नुसती भिंत होती तिथे, धनुष्यासारखी वाकडी पांढरी रेघ चमकून गेली. त्याने मान वळवली. रेघ त्याच्याबरोबर वळली. त्याने डोळे मिटले. पापण्यांमागच्या अंधारात ती सगळ्यात ठळक होती.

तो किती वेळ तसाच बसून राहिला हे त्याला कळलं नाही. कूलरचं पाणी संपून तो नुसती गरम हवा फेकू लागला होता. अंगात कुठेही दुखत नव्हतं. हेच भयंकर होतं. दुखलं असतं तर कुणाला हाक तरी मारता आली असती. ही ठिणगी काय आहे ते त्याला कळलं होतं, कारण ती त्याने आधी ऐकली होती. अमरावतीहून वडिलांची बदली जयपूरला झाली तेव्हा तो शाळेत होता. वडील, उमाकांत, विमा कंपनीत अधिकारी. पहिल्याच उन्हाळ्यात ते सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहायला लागले. एका डोळ्यावर हात, मग दुसऱ्या डोळ्यावर हात. आईने विचारलं तर म्हणायचे, इथल्या आँधीनं काही तरी गेलं डोळ्यात, वीज चमकल्यासारखं होऊन राहिलं. आई, जयंतीबाई, रोज त्यांच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालायची. मग एका रविवारी तिघं स्कूटरवरून आमेरला गेले. येताना वळणावर डाव्या हाताला उंटगाडी होती. एवढा मोठा उंट, त्याच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवर रचलेला चारा, आणि वडील सरळ त्यावरच निघालेले. आई किंचाळली. ते तिघं रस्त्याकडेच्या वाळूत पडले. लागलं कुणालाच नाही. पण वडील उठले नाहीत. वाळूत बसून त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात, जणू कुणाची झोप मोडेल अशा आवाजात म्हणाले, ‘जयंती, काहीच नाही दिसून राहिलं.’ मग दिल्ली झाली, डोळ्याच्या सुटलेल्या पडद्याची ऑपरेशनं झाली. उशीर झाला होता. डावा डोळा जागच्या जागी राहिला, दिसायलाही बरा. पण तो आपल्याकडे वळायचा तेव्हा त्यात कुणी नसायचं. लहानपणी अनिमेष जेवायला नेहमी वडिलांच्या उजव्या बाजूला बसायचा. डावीकडून हाक मारायची त्याला भीती वाटायची, कारण आधी तो डोळा यायचा आणि मग मागाहून वडील यायचे.

संध्याकाळी कीर्ती बँकेतून आली. लग्नानंतर ती नाशिकहून इथे आली आणि इथल्याच एका बँकेत लागली; उन्हातून आली की आधी माठातलं पाणी तोंडावर मारायची आणि मग बोलायची. ‘झालं का तुझं कार्ड?’ तिने विचारलं. ‘जवळजवळ.’ ‘कसंय?’ ‘मतलब… चांगलंय. एक दोष आहे असं वाटलं होतं. नाहीये.’ ‘मग चेहरा का असा?’ ‘ऊन,’ तो म्हणाला. तिने विषय सोडला. सांगायचं त्याच्या ओठांवर होतं. पण सांगितलं की ते खरं होईल, तिच्या चेहऱ्यावर उमटेल, पलीकडच्या खोलीतल्या बाबांपर्यंत जाईल, आणि मग या घरात पुन्हा कुणी तरी गुलाबपाण्याची बाटली आणेल. तोवर ते फक्त त्याच्या उजव्या डोळ्यात होतं. झोप कमी झाली असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. इंटरनेटवर त्याने शोधलं, पहिली ओळ वाचली आणि ते पान असं घाईने बंद केलं जसं कुणी मागून येऊन उभं राहिलंय.

पुढचे दिवस तो कामावर जात राहिला. झालान्याच्या ऑफिसातल्या पांढऱ्या भिंतीवर आता काजळीचे कण तरंगायला लागले होते. नजर वर नेली की वर, थांबवली की हळूहळू खाली बसायचे, ढवळलेल्या पाण्यात गाळ बसतो तसे. मीटिंगमध्ये तो एकदा डास मारायला हात उचलून बसला आणि शेजारचा चमकून मागे सरकला. खिडकीबाहेर झालान्याचं जंगल उन्हाने राखी रंगाचं झालं होतं आणि त्या राखी रंगावर ते कण कमी दिसायचे, म्हणून तो सारखा बाहेर पाहायचा. सतीशजींचा फोन आला. ‘अरे भाई, फैसला सुना दो. दो पन्ने खाली पड़े हैं.’ तो म्हणाला, लिहितोय. लिहायला बसलाही. नवं कार्ड त्याने परत बसवलं होतं. पण ‘या कार्डावरचं चित्र’ एवढं लिहून त्याचा हात थांबायचा. चित्र कुठलं? कार्डाने काढलेलं की याच्यापर्यंत पोचलेलं? त्या दोहोंमध्ये काही फरक असू शकतो हे आजवर त्याच्या मनातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याने कार्डांचे दोष काढले ते एका मोजपट्टीने, आणि ती मोजपट्टी दोषातीत आहे असं धरून.

मग एका सकाळी खालचं चित्र गेलं. रविवार होता, कीर्तीला बँकेत कसलंसं वर्षाखेरचं राहिलेलं काम होतं म्हणून ती गेली होती. तो खेळ लावून बसला. सवयीने डावा डोळा मिटला. खेळात खाली डाव्या कोपऱ्यात आपला जीव किती उरलाय ते दाखवणारा आकडा असतो. तो आकडा नव्हता. तिथे काळंही नव्हतं, राखाडीही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, चहात बुडवलेला कागद खालून भिजत यावा तसं ते काहीच खालून वर येत होतं. त्याने दोन्ही डोळे उघडले. आकडा होता. पुन्हा डावा मिटला. नव्हता. तो मिटत राहिला, उघडत राहिला. तळघरात त्याचा माणूस उभ्या उभ्या गोळ्या खात होता, स्क्रीन लाल होत होती, आणि तो फक्त हाताने एक डोळा झाकत होता, मग दुसरा.

‘कधीपासून?’

दारात उमाकांत उभे होते. हातात चहाचे दोन कप. सत्तरी ओलांडलेले, बनियन-पायजम्यात, मान थोडी डावीकडे वळवून. समोरचं सगळं एका डोळ्यात यावं म्हणून त्यांनी लावून घेतलेली सवय.

‘काय कधीपासून?’

‘मला नको शिकवू. कधीपासून हे झाकपाक करून राहिला?’

‘बाबा, चष्म्याचा नंबर बहुतेक…’

‘अनिमेष.’ त्यांनी कप टेबलावर ठेवले. आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली आणि मग ठेवले. ‘पडदा कुठून येऊन राहिला? वरून का खालून?’

इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, गाडी कुठून सुटते असं विचारावं तसं, की त्याचा सगळा धीर एकदम सुटला. त्याला बारा वर्षांचा असल्यासारखं रडू आलं. ‘खालून,’ तो म्हणाला.

‘मधलं दिसते? माझं तोंड दिसते?’

‘दिसतं.’

‘मग ऊठ. मधलं आहे तोवर सारं काही आहे. माझं मधलं गेलं होतं तेव्हा पोचलो मी. कीर्तीला फोन लाव, सरळ दवाखान्यात ये म्हण. अन् मान नको हलवू फार.’

रिक्षात बाबा त्याच्या उजवीकडे बसले. रविवारची रिकामी सडक, ऊन, भिंतींचा गुलाबी रंग विटून मातकट झालेला. प्रत्येक खड्ड्यात बाबा आपला हात त्याच्या छातीवर आडवा धरायचे, आणि रिक्षावाल्याला सांगायचे, ‘भैया, धीरे. काँच का सामान है.’ दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं. सगळं पांढरं झालं. डॉक्टरबाई तरुण होत्या, त्यांनी कपाळावर दिवा लावून खूप वेळ पाहिलं. त्या प्रकाशात त्याला स्वतःच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या दिसल्या, वाळलेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या. ‘पर्दा उखड़ रहा है,’ त्या म्हणाल्या. ‘बीच का हिस्सा अभी चिपका हुआ है. कल सुबह ऑपरेशन.’ त्याला विचारायचं होतं की वाचेल का. ते कीर्तीने विचारलं. ती केव्हा येऊन मागे उभी राहिली होती त्याला कळलंही नव्हतं. ‘कोशिश पूरी रहेगी,’ डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि दिवा विझवला. बाहेर आल्यावर कीर्ती रागावली नाही. तिने फक्त त्याचा चष्मा काढून ओढणीने पुसला, परत त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, ‘ऊन म्हणालास मला.’

भूल नुसती डोळ्याला होती. तो जागा होता. चेहऱ्यावर हिरवं कापड, कुठल्याशा यंत्राची पिकपिक. त्याला वाटलं होतं, अंधार असेल. पण डोळ्याच्या आत दिसत होतं. पिवळट उजेडात बारीक काळ्या काड्या फिरत होत्या, त्यांच्या टोकाशी काही तरी ओढलं जात होतं, धुरासारखं वळत होतं आणि नाहीसं होत होतं. इतकं स्पष्ट चित्र त्याने कुठल्याही कार्डावर पाहिलं नव्हतं, आणि ते बघायला नको म्हणून डोळा मिटावा, तर मिटायला डोळा त्याच्या ताब्यात नव्हता. त्याने श्वास मोजायचा प्रयत्न केला. मोजता येईना. त्याने आईला आठवायचा प्रयत्न केला, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आठवली ती वाळूत पडलेली, पदर झटकणारी. मग हवेसारखं काही आत शिरलं आणि काड्या, उजेड, सगळं चांदीसारखं होऊन विरघळून गेलं.

डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो वर चढू पाहील आणि पडद्याला मागच्या भिंतीशी दाबून धरील. म्हणून अनिमेषने पालथं राहायचं, तोंड जमिनीकडे, जेवतानासुद्धा. पलंगाच्या कडेला उशा रचून त्यांच्या फटीत तो तोंड घालून पडायचा. खाली मोझेकची फरशी. डाव्या डोळ्याने तेवढीच फरशी, तेच खडे, उजव्यावर पट्टी. आणि त्या पट्टीखाली काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं. ही भीती आधीच्या भीतीहून वेगळी होती. आधी काही तरी दिसत होतं म्हणून तो भ्यायला होता. आता काही दिसत नव्हतं. पट्टीच्या आत ठिणगी उडाली की नाही ते तो कान लावून ऐकावं तसं टिपायचा. शिंक आली तर नाक दाबून धरायचा. झोपेत आपण उताणे झालो, बुडबुडा सरकला आणि पडदा ओल्या भिंतीवरच्या पापुद्र्यासारखा सुटून लोंबतोय, असं वाटून तो घामाघूम होऊन उठायचा आणि कीर्तीला विचारायचा, मी पालथाच होतो ना? ‘पालथाच होतास,’ ती म्हणायची. तिने रजा काढली होती. पलंगाखाली एक स्टीलची थाळी ठेवून ती फरशीवर बसून त्याला भरवायची. बाबा येऊन शेजारी बसायचे.

सतीशजींचा फोन कीर्तीने घेतला. त्यांना काही कल्पना नव्हती. ऐकून ते हळहळले, म्हणाले, ‘छोड़ो, उसको आराम करने दो.’ ती म्हणाली, ‘नहीं जी. भेज देंगे.’ फोन ठेवून ती कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. ‘हे बघ,’ ती म्हणाली, ‘दिवसभर ती फरशी पाहून तुझं डोकं फिरेल. मी बघते, तू सांग कुठे बघायचं.’

‘तुला नाही जमणार.’

‘डोळे आहेत मला.’ मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं. ‘कुठलं बटण दाबू?’

तिने आयुष्यात कधी असला खेळ खेळला नव्हता. फरशीकडे तोंड करून अनिमेष तिला रस्ता सांगत होता, डावीकडे, जिना, दार, आणि पाठीमागून तिचा आवाज येत होता. ‘अरे, हा माणूस भिंतीलाच तोंड लावून उभा राहिलाय. हटतच नाही.’ उशीत तोंड असतानाच त्याला हसू फुटलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. हळूहळू तिला चालता यायला लागलं. ‘आता मान पटकन वळव,’ तो म्हणाला. ‘काय दिसतं?’ ‘चित्र तुटतं. वरचा अर्धा पुढे जातो, खालचा मागे राहतो, मग पळत येऊन मिळतो.’ कुठल्याही परीक्षणात त्याने ते इतकं नीट लिहिलं नव्हतं. ‘कडा गुळगुळीत करायचं चालू आहे ना? ते बंद कर.’ ‘केलं. तारांना आता दाते आलेत करवतीसारखे. पण चालतोय कसा सुळसुळीत.’ ‘दोन्हीतलं काय बरं?’ तिने विचार केला. ‘दाते परवडले,’ ती म्हणाली. ‘अडखळलं की घाबरायला होतं. पुढे कुणी उभं असेल तर ते उशिरा कळतं. दिसायला वाईट चालेल, उशिरा नको.’ तिच्या आवाजात खरीच धास्ती होती. त्याला आठवलं की पहिल्यांदा तळघरात उतरताना आपणही असेच घाबरलो होतो. मग तपासत तपासत ती भीती गेली आणि नुसतं चित्र उरलं.

बाबा स्टूल ओढून बसले होते. ते बराच वेळ पाहत होते, आणि मग एकदम म्हणाले, ‘याच्यात सावल्या काहून नाहीत?’

‘मी कमी केल्यात बाबा,’ अनिमेष उशीतूनच म्हणाला. ‘सावल्या रेखाटायला कार्डाला सगळ्यात कष्ट पडतात. वेग हवा असला की सगळे आधी सावल्याच काढून टाकतात.’

‘मग तो दूरचा माणूस जमिनीवर आहे का हवेत लटकून राहिला, कळेल कसं?’

‘कळतं ना,’ कीर्ती म्हणाली. ‘म्हणजे… मला कळतंय.’

‘तुला कळते बेटा. दोन डोळ्यांवाल्याला सवय असते, तो अंदाज घेते. मला सावली लागते. पायरी कुठं संपली, गाडी किती दूर आहे, कप टेबलावर टेकला का नाही, सारं मी सावलीवरून पाहतो. ढग आले का मी घराबाहेर नाही पडत, लक्षात आलं का तुमच्या कधी?’ ते थोडं हसले. ‘तुमचा हा खेळ अन् ही खोली, मला दोन्ही सारखंच सपाट आहे. फरक नाही वाटून राहिला.’

अनिमेष फरशीकडे पाहत होता. इतकी वर्षं एका घरात राहून हे त्याला ठाऊक नव्हतं. पावसाळी दिवसांत बाबा भाजी आणायला नको म्हणायचे तेव्हा त्याला तो आळस वाटायचा. एका क्षणात सगळं जग त्याला तसं दिसलं: कीर्ती, दार, जिना, सगळं एकाच कागदावर चिकटवलेलं, आणि त्यातली कुठली कड पायाखाली येईल आणि कुठली येणार नाही ते ठरवायला फक्त जमिनीवर पडलेला काळा डाग. उद्या पट्टी निघेल आणि आपणही त्या कागदात जाऊ. ‘कीर्ती,’ तो म्हणाला, आवाज सरळ ठेवत, ‘सावल्या चालू कर. पूर्ण.’ तिने केल्या. ‘वेग?’ ‘थोडा उतरला. पण चालतंय.’ ‘आता?’ त्याने बाबांना विचारलं. ‘आता उभा आहे,’ बाबा म्हणाले. ‘आता माणूस जमिनीवर उभा आहे.’

परीक्षण त्याने पालथं पडूनच सांगितलं आणि कीर्तीने उतरवून घेतलं. कार्ड शांत आहे, वीज बेताची घेतं, जयपूरच्या मेमध्ये डोकं फिरू देत नाही. मोठ्या मॉनिटरवर आणि गुळगुळीत कडांच्या हव्यासापुढे मात्र त्याला धाप लागते, तेव्हा हाव धरणाऱ्याने ते घेऊ नये. आणि शेवटी, कुठल्याच परीक्षकाने तोवर दिला नव्हता असा सल्ला: कडा खडबडीत राहू द्या, पण सावल्या बंद करू नका. सतीशजींनी एक शब्द बदलला नाही.

पट्टी निघाली. बुडबुडा अजून डोळ्यात होता, आणि त्याच्या हलत्या काठावरून पलीकडचं जग पाण्यातून पाहिल्यासारखं डोलत होतं. तो दिवसागणिक आटत गेला. काठ खाली उतरत गेला. आधी पंखा स्पष्ट झाला, मग दाराची चौकट, मग कीर्तीचे केस, कपाळ, तिचे थकलेले डोळे. शेवटी बुडबुड्याचा एक काळा मणी उरला, तो नजरेबरोबर घरंगळायचा, आणि एक दिवस तोही नव्हता. दिसत होतं. मधलं वाचलं होतं. दाराची उभी कड एका जागी किंचित वाकलेली दिसायची, ती तशीच राहील असं डॉक्टरबाई म्हणाल्या. कीर्ती दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांसमोर रडली आणि मग बँकेत रुजू झाली.

जुलैत पुन्हा तपासणी होती. बाबाच बरोबर आले होते. उजवा उत्तम होता. मग डॉक्टरबाईंनी डावा पाहिला, फार वेळ पाहिला, आणि म्हणाल्या की याच्याही पडद्याला दोन ठिकाणी विरळ जागा आहेत. त्यांनी लगेच लेझरने त्या जागांभोवती टाके घातल्यासारखं केलं. हिरव्या उजेडाचे फटके बसत होते आणि तो खुर्चीचा हात घट्ट धरून होता. ‘अब तो नहीं होगा न?’ त्याने विचारलं. ‘खतरा कम हुआ है,’ त्या म्हणाल्या. ‘गारंटी किसी की नहीं दे सकती.’ तो बाहेर येऊन बाबांशेजारी बाकावर बसला. बाहुल्या मोठ्या होत्या, माणसं उजेडाची ठिगळं होऊन समोरून जात होती. बाईंनी सांगितलं ते त्याने सांगितलं. वाटलं, बाबा म्हणतील, काही होत नाही. ते तसं म्हणाले नाहीत.

‘मला एकच राहिला ना,’ मग ते म्हणाले, ‘तर मी सकाळी जाग आल्यावर लगेच नाही उघडत त्याला. पडून राहतो. तुझी आई म्हणायची, देवाचं काही म्हणत असतील. मी काही नाही म्हणत. मी भिऊन राहतो. उघडला अन् नसलं तर? मग चिमण्यांचा आवाज ऐकतो, भांड्यांचा ऐकतो, अन् उघडतो.’

‘अजून?’

‘अजून. आजपण.’

‘जात नाही मग ते?’

‘नाही जात,’ बाबा म्हणाले. ‘पण उघडतो ना मी रोज.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिमेषला जाग आली. त्याने डोळे उघडले नाहीत. शेजारी कीर्ती नव्हती. स्वयंपाकघरात कुकरचं झाकण वाजत होतं, खाली कुणी तरी अंगणात पाणी मारत होतं. पापण्यांमागे तांबूस उजेड होता, सारखा, स्थिर, आणि त्याच्या कडांकडे लक्ष द्यायचं धाडस त्याला होईना. मधलं दार उघडं होतं. पलीकडच्या खोलीत खाटेची दोरी करकरली आणि मग एकदम शांत झाली, माणूस जागा असून न हलता पडला की होते तशी.

‘बाबा,’ त्याने हाक मारली. ‘उठलात?’

‘हो.’

‘उघडलात?’

पलीकडे खाट पुन्हा एकदा करकरली.

‘नाही अजून,’ बाबा म्हणाले. ‘तू?’

‘नाही.’

कुकरची शिट्टी झाली. कीर्तीने गॅस बारीक केला ते ऐकू आलं.

‘चाल मग,’ बाबा म्हणाले.